फुटबॉलचा विश्वचषक अमेरिकेत, पण टीव्हीवर बघायचा कोणाच्या आवाजात?

हडसनकाठ

११ जून २०२६ ला मेक्सिको सिटीत अझ्टेका स्टेडियमवर सुरुवात, १९ जुलैला इथे न्यूजर्सीत मेटलाइफवर अंतिम सामना. ४८ संघ, १०४ सामने. तिकिटांचे भाव ऐकून आमच्या ग्रुपातल्या बहुतेकांनी सोफ्यालाच स्टेडियम मानायचं ठरवलंय, म्हणून हा धागा फक्त टीव्हीसाठी. तिकीट, पार्किंग, आईबाबांचा व्हिसा यांसाठी कृपया वेगळा काढा.

आधी माहिती. इंग्रजीत सगळे सामने फॉक्सकडे आहेत : ७० मुख्य चॅनेलवर, ३४ एफएस१ वर. स्पॅनिशमध्ये टेलिमुंडोवर ९२ आणि त्यांच्याच युनिव्हर्सोवर १२. मुख्य फॉक्स आणि टेलिमुंडो दोन्ही हवेतून फुकट येतात, बहुतेक शहरांत साधा घरगुती अँटेना पुरतो. एफएस१ ला मात्र केबल नाहीतर पैसे भरून स्ट्रीमिंग.

आता मत. स्पॅनिश येत नसली तरी टेलिमुंडोच लावा असं माझं म्हणणं आहे. पंचेचाळीस मिनिटं मध्ये न थांबणारा खेळ इथल्या इंग्रजी टीव्हीला कधी पचलाच नाही. ही गोष्ट आजची नाही. १९६७ साली सीबीएस चॅनेलने इथल्या एका नव्या व्यावसायिक लीगचे सामने दाखवायला घेतले. रेफ्रीकडे एक यंत्र दिलेलं असायचं, जाहिरातीची वेळ झाली की ते वाजायचं. पुढे एका रेफ्रीनेच कबुली दिल्याचं छापून आलं, की दिलेल्या २१ फाउलपैकी ११ जाहिरातीला जागा करण्यासाठी होते. नंतर त्याने ते नाकारलं, पण व्हायची ती शोभा झाली.

आणि आता फिफाने जाहीर केलंय की २०२६ मध्ये प्रत्येक सामन्यात, प्रत्येक हाफमध्ये साधारण बाविसाव्या मिनिटाला तीन मिनिटांचा पाण्याचा ब्रेक. ऊन असो नसो. अटलांटा आणि डॅलसला छत आणि एसी आहे, तिथेही ब्रेक. खेळाडूंची काळजी म्हणे. मला तर ते १९६७ चं यंत्र परत वाजताना ऐकू येतंय.

बोला.

बंड्या_बे_एरिया

रुमाल टाकून ठेवतो.

केबल कधीच कापली. अँटेना खरंच चालतो का? आमच्या अपार्टमेंटच्या तिन्ही बाजूंना टेकड्या आहेत.

सिंहगड_रोड

पाण्याच्या ब्रेकबद्दल सहमत. पण टेलिमुंडो काय धर्मादाय संस्था आहे का? तीन मिनिटं मोकळी मिळाल्यावर ते काय खेळाडू पाणी पिताना दाखवत बसणार? जाहिरात दोन्हीकडे लागेल, एकीकडची कळेल आणि दुसरीकडची कळणार नाही, एवढाच फरक.

आणि फॉक्सला नावं ठेवायची ही फॅशन जरा जुनी झाली. जॉन स्ट्राँग चांगला समालोचक आहे. एमएलएस या इथल्या फुटबॉल लीगपासून वर आलेला माणूस, २०१८ आणि २०२२ चे दोन्ही अंतिम सामने त्याने केले. आपल्याला ब्रिटिश उच्चार ऐकला की वाटतं, याला खेळ कळतो. दीडशे वर्षांची सवय, दुसरं काय. हलकं घ्या.

मावशी_मिशिगन

सिंहगड रोड, फॅशन तुमच्यासाठी जुनी असेल. आम्ही हे सगळं भोगलंय, म्हणून जरा लांबण लावते.

१९९० ला अमेरिका चाळीस वर्षांनी विश्वचषकाला पात्र झाली होती. पोर्ट ऑफ स्पेनला पॉल कॅलिजुरीने लांबून मारलेल्या एका गोलवर. इंग्रजीत सामने टीएनटीवर होते, आणि चेंडू खेळात असताना जाहिरात लागायची! थ्रो-इन झाला, कुणी पडला, बास, सोड्याची बाटली पडद्यावर. परत येईपर्यंत चेंडू दुसऱ्या टोकाला. पंगतीत पानावर भात वाढून वरणाचं भांडं घेऊन वाढपी निघून जावा, तसं व्हायचं. त्याआधी १९८२ ला एबीसीने अंतिम सामना थेट दाखवला, तोही जाहिराती मध्ये घालूनच. पण निदान दाखवला, त्याचंच तेव्हा कौतुक.

तेव्हा आमच्या यांच्या ऑफिसातल्या एका मेक्सिकन सहकाऱ्याने सांगितलं, वहिनी, युनिव्हिजन हे स्पॅनिश चॅनेल लावा. लावलं. आंद्रेस कांतोर नावाचा मूळचा अर्जेंटिनाचा तरुण, आणि त्याचा तो श्वास संपेपर्यंत चाललेला 'गोऽऽऽऽल'. एक शब्द कळत नव्हता. घरातली मुलं मात्र दुसऱ्या दिवसापासून दूध प्यायलं तरी तसं ओरडायला लागली.

मग १९९४ आलं. विश्वचषक इथेच, आणि एबीसी-ईएसपीएनने ठरवलं की खेळ चालू असताना जाहिरात नाही. एकही नाही. त्याऐवजी पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ आणि स्कोअर कायम ठेवायचा, आणि त्याच्या शेजारी प्रायोजकाचा लोगो. झाला प्रश्न निकालात. इतकी वर्षं जे अशक्य म्हणून सांगत होते ते एका चौकोनात बसलं.

आमच्या पॉन्टियाक सिल्व्हरडोममध्ये अमेरिका-स्वित्झर्लंड झाला. विश्वचषकातला छताखालचा पहिला सामना. मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या लोकांनी षटकोनी पेट्यांमध्ये हिरवळ वाढवून आत आणून मांडली होती. १-१ बरोबरी, एरिक वायनाल्डाची फ्री किक. आत एसी नव्हता, सगळे घामाने निथळत होते. तेव्हा नाही कोणाला पाण्याचा ब्रेक सुचला.

अवांतर : उद्घाटन १७ जूनला शिकागोत झालं आणि त्याच संध्याकाळी झाडून सगळी चॅनेलं खुनाच्या आरोपात पोलिसांपुढे पळणाऱ्या ओ. जे. सिम्पसनच्या पांढऱ्या ब्रॉन्को गाडीच्या मागे लागली. एनबीए बास्केटबॉलचा अंतिम फेरीचा सामनासुद्धा पडद्याच्या कोपऱ्यात गेला, तिथे जर्मनी-बोलिव्हिया कोण विचारतो?

हडसनकाठ

मावशी, दंडवत. हाच माझा मुद्दा आहे. १९९४ ला सुटलेला प्रश्न परत काढायची गरज काय?

डॅलस_डायरी

मावशींनी सांगितलेल्या त्या चौकोनाबद्दल थोडी भर. ब्रिटनमध्ये स्काय स्पोर्ट्सने १९९२ च्या सुमारास तो सुरू केला, डेव्हिड हिल या माणसाच्या डोक्यातून. तोच हिल पुढे इकडे फॉक्स स्पोर्ट्सचा प्रमुख झाला आणि १९९४ च्या शरद ऋतूत त्याने एनएफएलच्या, म्हणजे इथल्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यांवर तेच घड्याळ टाकलं. लोकांनी आधी बोटं मोडली, आज त्याच्याशिवाय कुठलाच खेळ दिसत नाही. म्हणजे अमेरिकी टीव्हीने फुटबॉलला बदललं असं आपण म्हणतो, पण फुटबॉलने अमेरिकी टीव्हीला काय दिलं हेही मोजा.

दुसरं, चित्र सगळ्यांना एकच मिळतं. फॉक्स असो, टेलिमुंडो असो, नाहीतर भारतातलं चॅनेल. कॅमेरे, रीप्ले, दिग्दर्शन सगळं फिफाच्या वतीने एचबीएस ही कंपनी करते, २००२ पासून. तो सगळा माल एका केंद्रात येतो, तिथून जगभर जातो. या वेळचं केंद्र आमच्या डॅलसच्या डाउनटाउनमधल्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये आहे. चॅनेलचं स्वतःचं म्हणाल तर समालोचक, स्टुडिओतली मंडळी आणि जाहिराती. भांडण आहे ते एवढ्याचंच. चांगला अँगल दाखवला म्हणून फॉक्सचं कौतुक करू नका आणि चुकीचा रीप्ले लावला म्हणून शिव्याही देऊ नका.

समालोचकांच्या बाबतीत मात्र फॉक्सने २०१८ ला कंजुषी केली, हे मान्य करायलाच हवं. सहा जोड्यांपैकी दोनच रशियात. बाकी चार जोड्या लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत बसून पडद्याकडे बघत बोलत होत्या. मॉस्कोत रेड स्क्वेअरवर भलामोठा सेट मात्र उभारला होता. पडद्यावर दिसतं तेवढंच त्यांना दिसणार. बदली खेळाडू उठून वॉर्म-अप करतोय, कोच लाइनवर येऊन हातवारे करतोय, हे त्यांना कुठून कळणार?

सिंहगड_रोड

>> सहा जोड्यांपैकी दोनच रशियात

कारण अमेरिका पात्रच झाली नव्हती. ऑक्टोबर २०१७, त्रिनिदादमध्ये कूव्हाला २-१ हार. कोट्यवधी डॉलर देऊन हक्क घेतले आणि घरचा संघच गायब. खर्च कुठेतरी कापणारच.

सालसेत

त्याच ऑक्टोबरची गोष्ट. मोठ्यांनी कूव्हाला माती खाल्ली आणि अमेरिकेची १७ वर्षांखालची पोरं त्याच आठवड्यांत भारतात विश्वचषक खेळत होती. दिल्लीत भारताला ३-० हरवलं, मग पॅराग्वेला ५-०, त्यात टिम वेआहची हॅटट्रिक. उपांत्यपूर्व सामना आमच्या मडगावात, फातोर्ड्याला. इंग्लंडने ४-१ ने धुतलं त्यांना, पण फातोर्डा काय भरलं होतं! तोच वेआह २०२२ ला कतारमध्ये वेल्सविरुद्ध गोल करताना टीव्हीवर बघितला तेव्हा आमच्या घरी सगळे ओरडले, "हो आमचो!" योगायोग बघा, या वेळी अमेरिकेचा पहिला सामना पॅराग्वेशीच आहे.

समालोचन म्हणाल तर गोंयकाराला कुठल्याही भाषेतलं चालतं. टीव्हीवाल्याच्या आधी घरातले सातजण बोलतात.

मंगळवार_पेठ

कोल्हापुरातनं रामराम. तुमचं अमेरिकेचं भांडण वाचून लई करमणूक झाली.

पण एक सांगा मंडळी, आपण कोणत्या तोंडानं हसायचं त्यांना? आपल्याकडं क्रिकेटची ओव्हर संपली न संपली तोवर सिमेंट आणि पानमसाला. विकेट पडली की रीप्लेच्या आधी जाहिरात. त्यो अमेरिकेवाला निदान दोन शिट्ट्यांच्या मध्ये घालतोय.

इथं शाहू स्टेडियमला पाटाकडील आणि खंडोबाची मॅच असली की माइकवरनं मराठीत समालोचन चालू असतंय, खाली पब्लिकचं वेगळंच समालोचन. त्याची सर ना तुमच्या फॉक्सला ना त्या टेलिमुंडोला. विश्वचषकाला चौकाचौकात ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, रात्रभर पडदा. १९८६ ला मॅराडोना दूरदर्शनवर बघितला तेव्हापासनं निम्मं कोल्हापूर अर्जेंटिनाचं झालंय. उरलेलं निम्मं ब्राझीलचं, ते का ते त्यांनाच ठाऊक.

हडसनकाठ

क्रिकेटचा टोला बसला :) पण क्रिकेटमध्ये ओव्हरनंतर खेळ आपणहून थांबतो. फुटबॉलमध्ये तो थांबवावा लागतो, आणि थांबवला की सामना बदलतो. बावीस मिनिटं एक संघ दाबून खेळतोय, समोरचा धापा टाकतोय, आणि शिट्टी. तीन मिनिटांत समोरच्या कोचने सगळी मांडणी नव्याने सांगितली. ती लय गेली की गेली. १९९४ च्या आधीही खेळाचे चार भाग करायची टूम निघाली होती. तेव्हा जगभरातून ओरड झाली आणि ती बारगळली. आता बावीस-बावीस मिनिटांचे चार तुकडे झाले, कोणी ओरडलं का? पाण्याचं नाव दिलं की सगळे गप्प.

डॅलस_डायरी

उन्हाचा मुद्दा मात्र इतका सहज उडवू नका. जूनमध्ये दुपारी इथे बाहेर उभं राहून दाखवा. आमच्या स्टेडियमला छत आहे, ठीक. मायामी, कॅन्सस सिटी, फिलाडेल्फियाला नाही.

पण ऊन कुठून आलं तेही बघा. १९९४ ला सामने भर दुपारी ठेवले ते युरोपातल्या संध्याकाळच्या प्रेक्षकांसाठी. पॅसाडेनाचा अंतिम सामना साडेबाराला, टळटळीत उन्हात. ऑरलँडोला मेक्सिको-आयर्लंड सामन्यात आयर्लंडचे कोच जॅक चार्लटन खेळाडूंना पाणी मिळावं म्हणून अधिकाऱ्यांशी भांडत होते, आणि बदली म्हणून उतरायला थांबवून ठेवलेल्या जॉन ऑल्ड्रिजने कडेला उभं राहून जे ऐकवलं ते टीव्हीवर थेट गेलं. १९८६ ला मेक्सिकोतही हेच, दुपारी बाराचे सामने. म्हणजे टीव्हीसाठी खेळाडूंना उन्हात उभं करायचं, आणि मग उन्हासाठी ब्रेक देऊन तो टीव्हीला विकायचा.

बंड्या_बे_एरिया

हसून हसून पुरेवाट. शेवटचं वाक्य फ्रेम करून लावतो.

अँटेनाचं कोणीच सांगितलं नाही.

ओसरीवर

सगळे कांतोर, स्ट्राँग करतायत, पण इथे सगळ्यात जास्त बघितले गेलेले सामने कोणाचे ते बघा. १९९९ चा महिलांचा अंतिम सामना, रोझ बोलमध्ये ९० हजार लोक, एबीसीवर १ कोटी ८० लाखांच्या आसपास प्रेक्षक. १९९४ ला पुरुषांचा अंतिम सामना याच मैदानावर झाला होता. २०१५ ला व्हँकुव्हरमध्ये जपानविरुद्ध ५-२, कार्ली लॉइडची पहिल्या सोळा मिनिटांत हॅटट्रिक : फॉक्सवर २ कोटी ५४ लाख. त्या वर्षीच्या एनबीए अंतिम मालिकेच्या सरासरीपेक्षा जास्त. तुलनेला सांगते, २०२२ चा अर्जेंटिना-फ्रान्स, ज्याला सगळे आजवरचा सर्वोत्तम अंतिम सामना म्हणतात, त्याला फॉक्सवर १ कोटी ६८ लाख. टेलिमुंडो धरून २ कोटी ६० लाखांच्या घरात.

आणि महिलांच्या विश्वचषकाचे २०२७ आणि २०३१ चे अमेरिकेतले हक्क गेले नेटफ्लिक्सला. म्हणजे ज्या सामन्यांनी फुकटच्या चॅनेलवर कोटी कोटी लोक बसवले, ते आता वर्गणी भरणाऱ्यांपुरते. माझ्या मुलीच्या टीममधल्या कितीतरी मुली घरी अँटेनावर बघून खेळायला लागल्या. यावर धागा कधी निघणार?

सिंहगड_रोड

ओसरीवर, आकडे बरोबर, पण २०१५ चा सामना रविवारी संध्याकाळी होता, अमेरिका अंतिम फेरीत होती, ४ जुलैचा वीकेंड होता. २०२२ चा ईस्टर्न वेळेप्रमाणे सकाळी दहाला, कॅलिफोर्नियात सकाळी सातला, डिसेंबरात, आणि अमेरिका केव्हाच घरी. वेळ आणि घरचा संघ या दोन गोष्टींवर इथला आकडा ठरतो. २०१४ ला मनाउसला पोर्तुगालशी २-२ झाला तो रविवारी संध्याकाळी, तर साध्या गटातल्या सामन्याला ईएसपीएनवर १ कोटी ८० लाखांच्या वर लोक होते. २००२ ला अमेरिकेने पोर्तुगालला ३-२ हरवलं तेव्हा इथे पहाट होती, कोणी बघितलं?

ओसरीवर

>> वेळ आणि घरचा संघ

तेच तर म्हणतेय. घरचा संघ अंतिम फेरीत जातो तो कोणाचा?

सिंहगड_रोड

बरं :)

मावशी_मिशिगन

ओसरीवर, टाळ्या. आणि २००२ चा तो सामना मी बघितला. पहाटे पाचला.

हडसनकाठ

पैशाबद्दल कोणीतरी लिहा म्हणून वाट बघत होतो, शेवटी मीच लिहितो. टेलिमुंडो का म्हणतो त्याचं खरं कारण यात आहे.

२०१० आणि २०१४ साठी ईएसपीएन-एबीसीने जवळपास १० कोटी डॉलर दिले होते. युनिव्हिजनने त्याच दोन स्पर्धांसाठी दिले ३२ कोटी ५० लाख. तिप्पट! २०११ मध्ये पुढच्या दोन स्पर्धांचा लिलाव झाला तेव्हा फॉक्सचे साधारण साडेबेचाळीस कोटी आणि टेलिमुंडोचे साठ कोटी, असं तेव्हा बातम्यांत आलं होतं. देश इंग्रजी बोलणारा आणि जास्त पैसे स्पॅनिश चॅनेलचे. कारण इंग्रजी चॅनेलला हा चार वर्षांतून एकदा येणारा पाहुणा आहे. स्पॅनिश चॅनेलचं मात्र घर त्यावर चालतं. त्यांचा प्रेक्षक ऑफसाइड म्हणजे काय हे समजावून घ्यायला आलेला नसतो. त्याला समजावायला गेलात तर तो चॅनेल बदलेल. म्हणून तिथे बडबड कमी आणि खेळ जास्त.

२०२६ चे हक्क तर फिफाने २०१५ मध्येच, कसलाही लिलाव न करता, फॉक्स आणि टेलिमुंडोला देऊन टाकले. कतारचा विश्वचषक उन्हाळ्यातून नोव्हेंबर-डिसेंबरात ढकलला, तिथे एनएफएलचा हंगाम चालू, फॉक्सचा चेहरा पडला. त्याची ही भरपाई, असंच तेव्हा सगळ्यांनी लिहिलं. यजमान कोण ते ठरायला अजून तीन वर्षं होती. २०१८ ला यजमानपद इकडे आलं आणि फॉक्सला घरबसल्या घबाड लागलं. आता त्यावर प्रत्येक सामन्याला सहा मिनिटं बोनस.

सिंहगड_रोड

>> बडबड कमी आणि खेळ जास्त

टेलिमुंडोवर बडबड कमी?? भाऊ, तुला स्पॅनिश येत नाही म्हणून तुला ती बडबड वाटत नाही. त्यांचे दोघे-तिघे न थांबता बोलत असतात. तू त्याला पार्श्वसंगीत समजतोयस.

सालसेत

हा गोल मानावा लागेल. १-०.

हडसनकाठ

मान्य नाही, व्हीएआरकडे जातो. न थांबता बोलतात, पण चेंडूबद्दल बोलतात. २०१० च्या आधी इथे इंग्रजीत काय चालायचं? २००६ ला बेसबॉलचा समालोचक डेव्ह ओब्रायन मुख्य माइकवर बसवला. माणूस आपल्या खेळात चांगला, पण बेसबॉलमध्ये दोन चेंडूंच्या मध्ये आकडेवारी सांगायला वेळ असतो, त्याने तीच सवय इथे आणली. टीका एवढी झाली की २०१० ला ईएसपीएनने ब्रिटनमधून मार्टिन टायलर, इयन डार्क वगैरे मंडळीच उचलून आणली. अल्जेरियाविरुद्ध इंज्युरी टाइममध्ये डोनोव्हनचा गोल आणि डार्कचं "गो, गो, यूएसए", ते आज इथल्या पोरांना तोंडपाठ आहे. एका इंग्रजाने अमेरिकेचा सर्वात गाजलेला गोल अमेरिकेला सांगितला.

सिंहगड रोड म्हणतात तसा न्यूनगंड असेल, पण तो आपला नाही, ईएसपीएनचा.

सिंहगड_रोड

आणि तुझा टेलिमुंडोवरचा कांतोर? २०२२ ला अर्जेंटिनाच्या मोन्तिएलची पेनल्टी आत गेली आणि माणूस माइकवर रडायला लागला. हे समालोचन की घरचं कार्य?

सालसेत

त्या रडण्यासाठीच तर लावायचं ना ते चॅनेल! जन्म ब्युनोस आयर्सचा, १९९० पासून दुसऱ्यांचे गोल ओरडतोय, आणि आपला देश जिंकताना काय शेअर बाजार वाचल्यासारखा बोलणार?

मंगळवार_पेठ

आमच्याकडं त्या रात्री चौकात सगळेच रडत होते. ब्राझीलवाले सोडून.

संपादक मंडळ

मेस्सी-रोनाल्डो वादाचे तीन प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी जुना धागा आहे, तिथे साडेसातशे प्रतिसाद झालेत, अजून जागा आहे.

डॅलस_डायरी

अंतिम सामन्याच्या मध्यंतराबद्दल कोणी बोललं नाही. विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला पहिल्यांदाच हाफटाइम शो होणार आहे, सुपर बोलसारखा. कोल्डप्लेचा क्रिस मार्टिन कलाकार निवडायला मदत करणार, असं फिफाचे अध्यक्ष इन्फान्तिनो यांनीच सांगितलं. नियमाप्रमाणे मध्यंतर १५ मिनिटांचं. गेल्या वर्षी मेटलाइफवरच क्लब विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात असा शो केला, तेव्हा मध्यंतर पंधरा मिनिटांपेक्षा बरंच लांबलं. स्नायू गार पडतात हो खेळाडूंचे. पाण्याच्या ब्रेकपेक्षा मला याची जास्त धास्ती आहे, पण त्यावर कोणी खेळाडूंच्या तब्येतीचं नाव काढत नाही.

ओसरीवर

मध्यंतरात काय करायचं ते करू दे. आमच्याकडे तेव्हा चहा असतो.

बंड्या_बे_एरिया

अँ टे ना.

डॅलस_डायरी

हो रे बाबा. ऐक.

टेकड्या असतील तर आधी प्रक्षेपणाचे टॉवर कोणत्या दिशेला आहेत ते बघ. एफसीसीच्या साइटवर पत्ता टाकला की नकाशा येतो. त्या बाजूच्या खिडकीत, जमेल तितका उंच लाव. तीस-चाळीस डॉलरचा पुरतो. टॉवर लांब असतील तर ॲम्प्लिफायरवाला घे. मग टीव्हीच्या मेनूत जाऊन चॅनेल स्कॅन. तासाभराचं काम. गच्चीवर उभं राहून "आलं का? आलं का?" ओरडायची प्रॅक्टिस आपल्या पिढीला आहेच.

फॉक्सचं प्रक्षेपण हवेतून ७२० चं असतं, टेलिमुंडोचं १०८० चं. म्हणजे चित्राच्या बाबतीत हडसनकाठला अजून एक मुद्दा फुकट मिळाला. पण खरा फायदा वेळेचा. अँटेनावर सामना प्रत्यक्षाच्या काही सेकंदच मागे असतो. स्ट्रीमिंगवर अर्धा मिनिट, कधी त्याहूनही जास्त मागे.

बंड्या_बे_एरिया

धन्यवाद, वाचनखूण साठवली! हे अर्ध्या मिनिटाचं मला पक्कं माहितीये. गेल्या वेळी एका स्ट्रीमिंग ॲपवर बघत होतो. पेनल्टी घ्यायला खेळाडू धावतोय आणि भिंतीपलीकडचे शेजारी आधीच नाचतायत. तेव्हापासून पेनल्टीच्या वेळी मी भिंतीकडेच बघतो.

मावशी_मिशिगन

मुलांनो, एक विचारते. माझे मोठे दीर ठाण्याहून येतायत, वय ८१. त्यांना इंग्रजी समालोचन भरभर जातं, स्पॅनिशचा प्रश्नच नाही. त्यांना रेडिओवरच्या मराठी क्रिकेट समालोचनाची सवय. इथे मराठीत काही होणार आहे का?

मंगळवार_पेठ

मावशी, चॅनेलवर न्हाई. पण आवाज बंद करा आन् मला फोन लावा. मी इथनं सांगतो.

सालसेत

ही कल्पना वाईट नाही हो! टीव्ही म्यूट, सगळे एका कॉलवर, दोघं मराठीत समालोचन करणार. मंगळवार पेठ एका बाजूला, मी कोकणी-मराठी मिसळून दुसऱ्या बाजूला. अमेरिकेच्या पहिल्या सामन्याला करून बघू?

सिंहगड_रोड

अमेरिका-पॅराग्वे ना? शुक्रवार १२ जून, लॉस एंजेलिस, ईस्टर्नप्रमाणे रात्री ९. कोल्हापुरात शनिवारी सकाळचे साडेसहा. उठणार का मंगळवार पेठ?

मंगळवार_पेठ

साडेसहाला आम्ही मैदानावर असतोय. त्या दिवशी घरी थांबतो.

डॅलस_डायरी

एक अडचण. समालोचक भारतात, तिथलं प्रक्षेपण वेगळं, इथले काही अँटेनावर, काही स्ट्रीमिंगवर. मंगळवार पेठ गोल म्हणून ओरडतील तेव्हा कुणाच्या पडद्यावर चेंडू अजून मध्यावर असेल, आणि कुणाचा गोल होऊन गेलेला असेल. समालोचक इथलाच हवा आणि तोही अँटेनावाला.

हडसनकाठ

मग मी आणि सालसेत, दोघंही अँटेनावर. मंगळवार पेठ मध्यंतरात तज्ज्ञ म्हणून. सामना फॉक्स आणि टेलिमुंडो दोन्हीकडे आहे, म्यूटच करायचा तर कुठलाही लावा.

सिंहगड_रोड

म्हणजे एवढं सगळं भांडून शेवटी टेलिमुंडोसुद्धा म्यूट?

हडसनकाठ

फक्त तो एक सामना. आणि पाण्याच्या ब्रेकमध्ये आपण जाहिरात घेणार नाही.

ओसरीवर

घ्या की. माझ्या दिवाळी फराळाच्या ऑर्डरची घ्या, तीन मिनिटं भरपूर झाली.

मावशी_मिशिगन

कॉलची लिंक मला इथे नको, ईमेलवर पाठवा. दिरांना मी आठ वाजताच जेवायला घालते.